खड्डा खणण्याआधी

मृगाचा पाऊस पडला की रोपवाटिकांपुढे टेम्पोंची रांग लागते. शाळा, कंपन्या, गणेश मंडळं, ट्रेकिंगचे ग्रुप, सगळ्यांना एकाच रविवारी झाडं लावायची असतात. ही हौस मनापासूनची असते आणि ती टिकावी असं मला फार वाटतं, म्हणूनच हे सविस्तर लिहितोय. कारण पुढच्या मे महिन्यात त्याच टेकडीवर गेलात तर फाटक्या काळ्या पिशव्या, वाळलेल्या काड्या आणि बुजत आलेले खड्डे दिसतात. मग तीच माणसं त्याच जागी पुन्हा रोपं लावायला येतात, किंवा येणंच सोडून देतात.

वनमहोत्सव १९५० पासून सुरू आहे. आपल्या राज्याने २०१७, २०१८ आणि २०१९ या तीन पावसाळ्यांसाठी अनुक्रमे ४, १३ आणि ३३ कोटी रोपांचं लक्ष्य ठेवलं होतं. आकडा सरकारचा असो की सोसायटीचा, मोजायची वेळच आपण चुकीची निवडतो. लावलेलं रोप जुलैत मोजण्यात काही अर्थ नाही. तिसरा उन्हाळा काढून जे हिरवं राहिलं, तेवढंच आपण लावलं असं धरावं.

पण त्याच्याही आधी एक गोष्ट बघावी लागते आणि ती जवळजवळ कोणीच बघत नाही: या जागेला झाड हवं आहे का?

कोकणातले आणि घाटमाथ्यावरचे सडे घ्या. आठ महिने काळा-तांबडा कातळ, त्यावर कुठे इंचभर तर कुठे वीतभर माती. उन्हाळ्यात बघणाऱ्याला वाटतं, किती ओसाड! त्याच कातळावर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सीतेची आसवे, गेंद, दवबिंदू फुलतात. यातली सीतेची आसवे आणि दवबिंदू कीटक खातात, कारण त्या पातळ मातीत नायट्रोजन जवळजवळ नसतोच. तो त्यांना किड्यांतून मिळवावा लागतो. कासचं पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेलं ते या फुलांच्या जिवावर, तिथे झाडं दाट आहेत म्हणून नाही. अशा सड्यावर बाहेरून ट्रकने माती आणून टाकली, पहार लावून जांभा फोडला, की पाणी साचायची नैसर्गिक उथळ डबकी मोडतात, बाहेरचं तण येतं, आणि लावलेलं झाडही मूळ खाली जायला वाव नसल्याने खुरटतं. सड्यात मुरलेलं पाणी खाली वाडीतल्या झऱ्याला येतं, हे कोकणातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. सड्याला फक्त गाड्यांची चाकं, चिऱ्याची खाण आणि प्लास्टिक यांच्यापासून राखण हवी. खड्डा नको.

दुसरी जागा माळरान. सोलापूर, अहिल्यानगर, पुण्याचा पूर्व भाग, जिथे पाऊसच साधारण पाचशे मिलिमीटर, तिथे पवना, मारवेल, कुसळी ही गवतं हेच तिथलं जंगल. कागदोपत्री मात्र ती 'पडीक जमीन'. नान्नजचा माळढोक, रेहेकुरीचं काळवीट, सुप्याच्या मयुरेश्वर अभयारण्यातला चिंकारा, खोकड, लांडगा, हे सगळे मोकळ्या गवताचे रहिवासी. धाविक, चंडोल, टिटवी हे पक्षी जमिनीवर अंडी घालतात. मधोमध झाडांच्या रांगा उभ्या केल्या की कावळ्याला आणि शिकारी पक्ष्याला टेहळणीला बसायला जागा मिळते आणि जमिनीवरच्या या पक्ष्यांची पिल्लं संपतात. वर सलग चर खणले की मुळासकट गवत उखडतं, आणि ज्या धनगरांच्या मेंढ्या त्या गवतावर पिढ्यान्‌पिढ्या चरल्या त्यांची वाट बंद होते. माळरानावर झाडं लावणं हा पर्यावरणाच्या नावाखाली होणारा पर्यावरणाचा नाश आहे, हे माझं स्पष्ट मत. तिथे काही करायचंच असेल तर गवताचं बी जमा करा, एखादा तुकडा एक पावसाळा चराई थांबवून राखा, आणि बी पडून गेल्यावर दिवाळीनंतर कापणी करा.

मग झाडं लावायची कुठे? जिथे ती होती आणि गेली तिथे. तुटलेल्या डोंगरउतारांवर, ओढ्याकाठी, देवराईच्या उजाड झालेल्या कडांना, शेताच्या बांधावर, शाळेच्या आवारात, रस्त्याकडेला. उतारावर आधी वाकून बघा. करवंदीच्या जाळीत, दगडांच्या फटीत ऐन, पळस, धावडा यांचे गुडघाभर फुटवे बहुतेक वेळा असतातच. दरवर्षी कोयता, शेळ्या आणि वणवा यांनी ते खाली बसवलेले असतात. मूळ आधीच खोल गेलेलं असल्याने नुसती राखण मिळाली तर तीन-चार वर्षांत ते डोक्यावर जातात, आणि त्यांना पाणीही घालावं लागत नाही. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खात्रीची लागवड हीच, फक्त तिचा फोटो चांगला येत नाही.

लावायचंच असेल तर काय? पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्प म्हणजे उंदीरमारी भरमसाट लावली गेली. मध्य अमेरिकेतलं झाड. लवकर वाढतं, तोडलं की पुन्हा फुटतं, जगण्याचं प्रमाण कागदावर छान दिसतं. बांधावर हिरवळीच्या खतासाठी ते उपयोगाचं आहे, त्याबद्दल तक्रार नाही. टेकडीवर मात्र त्याच्या दाटीखाली दुसरं फार काही येत नाही आणि आपल्या पक्ष्या-फुलपाखरांना त्याचा उपयोग अगदी थोडा. सुबाभूळ, ऑस्ट्रेलियन बाभूळ, काशिद यांचंही तसंच. आता आहे ती उंदीरमारी एकदम तोडू नका. उघडी पडलेली माती पहिल्याच पावसात वाहून जाईल. तिच्या विरळ सावलीत देशी रोपं लावा, ती कंबरेएवढी झाली की त्यांच्यावरच्या फांद्या छाटून उजेड द्या, छाटलेला पाला तिथेच आच्छादन म्हणून पसरा. हे चार-पाच वर्षांचं काम आहे आणि त्यासाठी जागेच्या मालकाची, वन खात्याची किंवा पालिकेची, लेखी परवानगी लागते.

देशी झाड म्हणजेही कुठलंही देशी नव्हे. कोकणातली सुरंगी सांगलीच्या माळावर जगणार नाही. आपल्या गावापासून वीस-पंचवीस किलोमीटरवर, तेवढाच पाऊस पडणाऱ्या जागी कोणती झुडपं आणि झाडं आपोआप वाढली आहेत ते बघावं. जवळची देवराई हे त्यासाठी सगळ्यात चांगलं पुस्तक. आणि उंबर, वड, पिंपळ, नांद्रुक यांपैकी एखादं तरी असू द्या. हरियाल, धनेश, वटवाघळं त्यांच्या फळांवर जगतात, आणि फळ खायला आलेले पक्षी विष्ठेतून आणखी दहा जातींचं बी टाकून जातात, फुकट.

रोपं विकत घेण्यापेक्षा बिया गोळा कराव्यात, असं मी आग्रहाने म्हणतो. त्यातून माणसाला झाडाचं वर्ष कळायला लागतं. करंजाच्या शेंगा मार्चपासून मिळतात. बी ताजं लावलं तर दहा-पंधरा दिवसांत वर येतं. काटेसावरीची बोंडं एप्रिलमध्ये उकलून कापूस उडायच्या आत काढावी लागतात. पळसाची चपटी पापडी मे महिन्यात झाडाखाली पडते, टोकाशी एकच बी. पळसाचं सोटमूळ इतकं झपाट्याने खाली जातं की पिशवीत त्याचा गुंता होतो, म्हणून पहिल्या पावसात बी थेट जागेवरच टोकावं. बहाव्याची शेंग हातभर लांब, आत नाण्यांसारखे कप्पे, प्रत्येकात एक बी. त्याचं कवच टणक असतं, तसंच पेरलं तर वर्ष-वर्ष पडून राहतं. पाणी उकळून गॅस बंद करायचा, त्यात बिया टाकून रात्रभर ठेवायच्या. सकाळी ज्या फुगल्या त्या पेरायच्या, ज्या नाही फुगल्या त्या बाजूने पॉलिश पेपरवर थोड्या घासून पुन्हा भिजवायच्या. आपट्यालाही हेच. कडुनिंबाची निंबोळी उलट. गर धुऊन दोन-तीन आठवड्यांत पेरली नाही तर मेली. वड आणि पांगारा यांना बियांची वाटच बघायला नको, पावसाच्या तोंडावर मनगटाएवढी जाड, पाच-सहा फुटांची फांदी दीड-दोन फूट खोल रोवली तरी फुटते. फक्त उलटी रोवू नका, आणि वरच्या कापलेल्या टोकाला शेण लिंपा म्हणजे पाणी शिरून सडत नाही.

एकाच झाडाचं बी गोळा करून शेकडो रोपं करू नयेत. ती सगळी भावंडं होतात. एक रोग आला की सगळी एकदम जातात. निदान आठ-दहा झाडांखालून थोडं थोडं घ्यावं आणि निम्म्याहून जास्त बी तिथेच सोडावं, ते दुसऱ्या कुणाचं तरी जेवण असतं.

पिशवीत दोन भाग माती, एक भाग शेणखत, एक भाग वाळू. शेणखत पूर्ण कुजलेलं हवं, हातात घेतलं तर वास येता कामा नये. कच्च्या शेणाने हुमणी आणि वाळवी येते आणि तीच मुळं कुरतडते. पिशवीच्या तळाला भोकं पाडा आणि दर दीड-दोन महिन्यांनी पिशव्या जागच्या हलवा, नाहीतर मूळ भोकातून खालच्या जमिनीत जातं आणि उचलताना तुटतं. पहिल्या पावसाळ्यानंतर रोप मोठ्या पिशवीत घ्यायचं. दोन वर्षांचं, चार-पाच फुटांचं, बुंधा अंगठ्याएवढा झालेलं रोप डोंगरावर टिकतं. सहा महिन्यांचं वीतभर रोप गवतात हरवतं.

खड्डा दीड फूट लांब, रुंद आणि खोल, मे महिन्यात खणून उन्हाने तापू दिलेला. वरची माती एका बाजूला, खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला. भरताना वरची माती मुळाशी. दोन-तीन चांगले पाऊस होऊन जमीन फूटभर ओली झाली की मगच लावायचं, पहिल्या सरीला नाही, कारण नंतर पंधरा दिवस पाऊस दडी मारतो आणि रोप तिथेच सुकतं. पिशवी ब्लेडने उभी कापून पूर्ण काढा आणि घरी परत न्या. पिशवीसकट लावलेली रोपं अजूनही दिसतात. दोन वर्षं बरी वाढतात आणि मग वाऱ्याने आडवी होतात. पिशवीच्या तळाशी गोल फिरलेली मुळं कात्रीने कापून टाका. पिशवीतल्या मातीची पातळी आणि जमिनीची पातळी एकच ठेवा. बुंधा पुरला की साल कुजते. उतारावर खालच्या बाजूने अर्धचंद्राकार बांध घाला, म्हणजे पाणी रोपापाशी थांबतं. कोकणात उलट, तिथे रोप थोडं उंचवट्यावर हवं. काठीला बांधताना सुतळी इंग्रजी आठच्या आकड्यात, सैल.

आता खरा हिशोब. पावसाळा संपल्यावर पहिल्या वर्षी एका रोपाला आठवड्याला दहा लिटर पाणी लागतं. शंभर रोपांना हजार लिटर. नोव्हेंबर ते मे साधारण तीस आठवडे, म्हणजे तीस हजार लिटर, तेही डोंगरावर वाहून नेऊन. दुसऱ्या वर्षी पंधरा दिवसांनी, तिसऱ्या वर्षी फक्त मार्च ते मे महिन्यातून एकदा-दोनदा. हा हिशोब तुमच्या ग्रुपला झेपत नसेल तर शंभर लावू नका, वीस लावा. बुंध्यापासून चार बोटं सोडून भोवती वीतभर वाळलेलं गवत किंवा पाला पसरला तर पाणी कमी लागतं. बोराच्या काट्यांचं कुंपण शेळ्यांना पुरतं, पण ते दरवर्षी नवं घालावं लागतं.

आणि वणवा. वर्षानुवर्षांची मेहनत एका दुपारी जाते. गवत जाळलं की पुढच्या वर्षी ते जोमाने येतं हा समज अजून गावोगाव आहे. त्यात बिडी, मधासाठी केलेला धूर, सहलीची चूल यांची भर. गवत वाळायला लागतं तेव्हा, नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच, लागवडीभोवती दहा फुटांचा पट्टा गवत कापून, वाहून नेऊन मोकळा करा. कापलेलं गवत तिथेच ढिगाने ठेवलं तर उलट जळण तयार होतं. प्रत्येक रोपाभोवती तीन फुटांचं आळंही साफ हवं. जाळून पट्टा करणं वन खात्याच्या माणसांवर सोडा. राखीव वनात आग लावणं १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा आहे. धूर दिसला तर १९२६ हा वन विभागाचा टोल फ्री क्रमांक आहे, तो मुलांनाही पाठ असावा.

शहरात राहणाऱ्यांसाठी काम वेगळं. रस्त्याकडेच्या झाडांचे बुंधे मोकळे करा, भोवती तीन फूट तरी उघडी माती असू द्या. खोडात रुतलेल्या लोखंडी जाळ्या, खिळे, दिव्यांच्या माळांच्या तारा काढून टाका. जुनं झाड वाचवणं पन्नास रोपांपेक्षा मोठं आहे.

मुलांना जूनमधल्या कार्यक्रमाला नेऊन फोटो काढला की ती त्या जागेची होत नाहीत. फेब्रुवारीत फुललेल्या पळसाखाली सकाळी सातला दहा मिनिटं बसवून किती जातींचे पक्षी आले ते मोजायला लावा. एप्रिलमध्ये बिया, जूनमध्ये पेरणी, ऑक्टोबरमध्ये पट्टीने उंची मोजणं, डिसेंबरमध्ये गवत कापणं. एकच झाड, एकच वही, तीन वर्षं.

बाजारात जांभळं आली की त्याच आठवड्यात सुरुवात करता येईल. खाल्लेलं बी धुऊन घ्या, वाळवू नका, दोन-चार दिवसांत पेरा; पंधरवडा गेला की ते रुजायचं कठीण. दुधाच्या अर्ध्या लिटरच्या पिशवीला तळाशी चार भोकं, वर सांगितलेलं मिश्रण, बी आडवं, अर्धा इंच खोल, अर्ध्या सावलीत. दोन ते चार आठवड्यांत कोंब येतात. एका बीतून दोन-तीन आले तर जोमदार ठेवा, बाकीचे उपटू नका, मुळं एकमेकांत गुंतलेली असतात, कात्रीने कापा. पुढच्या जूनमध्ये मोठ्या पिशवीत हलवायचं. डोंगरावर जायला त्याला आणखी एक वर्ष आहे, तोवर जागा बघून ठेवा.