शिंपल्याची मर्जी

कुत्रं रुसलं तर शेपटी पाडतं, मांजर रुसलं तर पाठ फिरवतं. शिंपल्याला दोन्हीची सोय नाही. तो मजेत आहे की शेवटच्या घटका मोजतोय, हे ओळखायचं कसं? अमेरिकेतल्या एडिसनच्या आमच्या घरात खाऱ्या पाण्याची टाकी आहे, तीत तळहाताएवढा मॅक्सिमा जातीचा क्लॅम, म्हणजे शिंपला, आहे आणि उरलेलं कुटुंब त्याची मर्जी सांभाळायला आहे. (भारतात कायद्याने याला वाघाच्या पंगतीला बसवलंय, तेव्हा तिकडे हा उद्योग करू नका. इथे हॅचरीत वाढवलेले मिळतात.)

हा खातो काय, असं प्रत्येक पाहुणा विचारतो. उजेड खातो. शिंपल्याबाहेर जी निळी-हिरवी झालर पसरते, तिच्यात सूक्ष्म शेवाळ राहतं. ते प्रकाशावर साखर बनवतं आणि त्यातली बरीचशी भाड्यापोटी घरमालकाला देतं. "म्हणजे बारा महिने एकादशी," रत्नागिरीहून आलेली आई म्हणाली. एकादशी त्याची, वीजबिल माझं. दहा-दहा तास जळणाऱ्या त्या निळ्या-जांभळ्या दिव्यांमुळे रस्त्यावरून आमची खिडकी डान्स बारसारखी दिसते.

शिवाय कवच वाढवायला तो पाण्यातलं कॅल्शियम ओढतो. ते 420 पीपीएमच्या आसपास राखायचं, अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवायची ताकद) आठ-नऊ, तापमान 25-26 अंश. त्यामुळे रविवारी सकाळी लोक पोहे खातात तेव्हा मी परीक्षानळीत थेंब मोजत असतो. पाणी गुलाबीचं निळं झालं की थांबायचं, असं किटवर लिहिलंय. नेमकं कधी झालं, यावर घरात एकमत नाही. बायको म्हणते झालं, मी म्हणतो अजून जांभळट आहे. शेवटी आईने चष्मा पुसला. "आधी राणी होता. आता वांगी. टाक अजून एक... हां, आता मोरपिशी. बास."

रात्रीची ड्यूटी वेगळी. तांदळाच्या दाण्याएवढ्या पांढऱ्या गोगलगायी अंधारात येऊन शिंपल्याच्या कडेला सोंड लावून त्याचा रस पितात. म्हणून मध्यरात्री टॉर्च आणि टूथब्रश घेऊन बसायचं. खालून त्याने दगडाला धरलेले धागे मात्र ओढून तोडायचे नाहीत. मुळाशी इजा झाली तर खेळ खलास. एकदा पाणी प्यायला उठलेल्या आईने मला त्या अवस्थेत पाहिलं. "स्वतःचे घासलेस का?" एवढंच विचारलं.

मागच्या आठवड्यात त्याची झालर आक्रसली. सगळी किटं झाली, सगळे आकडे बरोबर. मी हवालदिल. आईने पुढे होऊन टाकीवर नुसता हात धरला. सावली पडताच शिंपला पटकन मिटला. (झालरीवर शेकडो बारीक डोळे असतात, हे मी पुस्तकात वाचलेलं, आईने मासळीबाजारात नुसतं पारखायचं काम केलेलं.)

"मिटतोय ना? मग जिता आहे. उघडाच राहिला असता तर टाकून द्यायचा. कितीला पडला रे?"

मी डॉलरचा आकडा रुपये म्हणून सांगितला.

"दीडशे? एका नगाला? अरे, एवढ्यात अख्खा वाटा येतो. आणि तू घासाघीससुद्धा केली नसशील!"