वरचे १९५

मॅरेथॉन ४२ किलोमीटरची असते, असं लोक म्हणतात. ती ४२ किलोमीटर १९५ मीटरची असते. हा वरचा चिल्लर हिशेब ज्याला क्षुल्लक वाटतो, तो एक तर कधी धावलेला नसतो किंवा फारच चांगला धावत असतो. दोघांशीही माझं पटत नाही.

मी पळायला लागलो सत्तेचाळिसाव्या वर्षी. का, ते विचारू नका. ऑफिसच्या ग्रुपवर एक निरोप आला, सगळ्यांनी अंगठा टाकला म्हणून मीही टाकला, आणि निरोप वाचला दुसऱ्या दिवशी. तोवर माझं नाव यादीत गेलं होतं.

वेळापत्रक अठरा आठवड्यांचं होतं. पाचव्या आठवड्यापर्यंत मी इतरांना बुटांविषयी उपदेश करू लागलो होतो. सहाव्यात टाच गेली. या दुखण्याचा स्वभाव मोठा कावेबाज. सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा ठोकल्यासारखं होतं, आणि दहा-बारा पावलं चाललं की ओसरतं. त्यामुळे घरच्यांना दाखवायला पुरावा म्हणून काही उरत नाही. 'अहो, आता तर नीट चालताय!' नाव मात्र भारदस्त निघालं, प्लांटर फॅशिआयटिस. दोन दिवस तर मी ते नाव लोकांना ऐकवण्यातच बरा होतो.

टाच वाचवायची म्हणून मी पाऊल जरा तिरकं टाकू लागलो. ते गुडघ्याने मनाला लावून घेतलं. बाहेरच्या बाजूने अशी कळ यायची की जिना उतरताना कठड्याला मिठी मारावी लागे. फिजिओथेरपिस्ट मुलगी माझ्या लेकीच्या वयाची. तिने पाय वर-खाली करून पाहिला आणि म्हणाली, "काका, गुडघ्याचा दोष नाही. तुमचे ग्लूट्स झोपलेत." म्हणजे बैठकीचे स्नायू काम करत नाहीत, म्हणून नितंबापासून गुडघ्यापर्यंत उतरणाऱ्या पट्ट्यावर सगळा ताण येतो. पटलं. ज्यांना मी वीस वर्षं खुर्चीत बसवून ठेवलं, ते झोपतील नाहीतर काय करतील? त्यांना जागं करण्यासाठी तिने व्यायाम दिले आणि पट्ट्यासाठी फोमचा एक रोलर. एरवी लाटणं वर असतं. इथे लाटणं खाली आणि मी वर. त्या पंधरवड्यात माझ्या तोंडून जे शब्द बाहेर पडले, ते घरात पूर्वी कोणी ऐकले नव्हते.

बाराव्या आठवड्यात उजव्या अंगठ्याचं नख काळं पडलं आणि पुढच्या आठवड्यात गेलं. गेलेल्याबद्दल वाईट बोलू नये, म्हणून पुढे जातो.

शर्यतीच्या दिवशी टाच गप्प, गुडघा गप्प. मी इतका खूश झालो की छातीला व्हॅसलीन लावायचं विसरलो. जाणकारांना पुढचं कळलं असेल. घामाने भिजलेला टी-शर्ट तास-दोन तास घासत राहिला की कातडी सोलवटते. विसाव्या किलोमीटरला माझ्या पांढऱ्या टी-शर्टवर डाव्या-उजव्या दोन लाल रेघा उतरल्या होत्या. मला पाहून टाळ्या वाजवणारे लोक मध्येच थांबायचे.

बत्तिसाव्या किलोमीटरला ती प्रसिद्ध 'भिंत' आली. स्नायूंमध्ये आणि यकृतात साठवलेली साखर साधारण तिथवर पुरते. पुढे शरीराला चरबीवर भागवावं लागतं. चरबी माझ्याकडे उदंड, पण तिचं मुदत ठेवीसारखं आहे. असते आपलीच, पण ऐन गरजेला हातात येत नाही. पाय रस्त्याला चिकटू लागले. नेमकी तेव्हाच मागून ती बस आली, रेंगाळलेल्यांना गोळा करणारी. ड्रायव्हरने दार उघडून फार मायेने म्हटलं, "या, बसा."

बसलोच असतो. पण मला जपानचा शिझो कानाकुरी आठवला. १९१२च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये तो उन्हाने हैराण होऊन वाटेत एका बागेत थांबला आणि कोणाला न सांगता निघून गेला. ती शर्यत त्याने पुरी केली १९६७ साली. वेळ ५४ वर्षं, ८ महिने, ६ दिवस आणि वर काही तास. मी हिशेब केला. सत्तेचाळीस अधिक चोपन्न, एकशे एक. बसून चालणार नव्हतं.

पुढचे दहा किलोमीटर मी चाललो, रखडलो, दोनदा खांबांशी बोललो. आणि ४२ची पाटी ओलांडली त्याच क्षणी डाव्या पोटरीत असा गोळा आला की मी एका पायावर उभा.

या १९५ मीटरचा इतिहास ऐका, म्हणजे माझा संताप कळेल. १८९६च्या पहिल्या ऑलिंपिक मॅरेथॉनला अंतर होतं साधारण ४० किलोमीटर. १९०८ला लंडनमध्ये शर्यत विंडसरच्या राजवाड्यापाशी सुरू केली आणि शाही सज्जासमोर संपवली. झाले २६ मैल ३८५ यार्ड. १९२१ साली तेच अंतर कायमचं ठरलं. म्हणजे कोणा राजघराण्याला बसल्या जागी शेवट दिसावा, म्हणून माझ्या पोटरीत गोळा!

त्याच १९०८मध्ये इटलीचा दोरांदो पिएत्री सर्वांत आधी स्टेडियममध्ये शिरला, कोसळला, उठला, पुन्हा कोसळला. पंचांनी धरून त्याला रेषेपार नेलं आणि त्या मदतीपायी त्याचा पहिला नंबर गेला. हे सगळं मला माहीत असणं हेच दुर्दैव. कारण एक स्वयंसेवक पोरगा हात पुढे करून धावत आला आणि मी किंचाळलो, "हात लावू नकोस!"

"काका, इथे तसं काही नाही हो."

"मागे घे आधी हात!"

पुढे पाऊल टाकलं, टाच उचलली की गोळा. मग शोध लागला की तळवा सपाट ठेवून आडवं सरकलं तर तो येत नाही. मी खेकड्यासारखा निघालो. दोन पावलं आडवी, एक श्वास, दोन पावलं आडवी. पोरगा बरोबरीने, हातभर अंतर राखून. रेषा मी डाव्या खांद्याने ओलांडली.

फोटो चार दिवसांनी आले. ते छातीवरच्या नंबरावरून शोधायचे होते. मी आडवा असल्याने माझा नंबर दिसतच नव्हता, म्हणून मी 'ओळख न पटलेले' या भागात सापडलो. तोंड उघडं, डोळे मिटलेले, दोन लाल रेघा. आणि मागे तो पोरगा, दोन्ही हात पाठीशी घट्ट बांधून उभा.