डिझेल घेताय? आधी रोजचं रनिंग मोजा

परवा मित्राचा फोन आला. कॉम्पॅक्ट एसयूव्ही घेतोय, डिझेलच घेऊ ना? मी विचारलं, रोजचं रनिंग किती? ऑफिसला जाऊन-येऊन 14 किलोमीटर. म्हटलं, मग डिझेल घेऊ नकोस. त्याला वाटलं, माझ्या डिझेल गाडीचं इंजिन खराब निघालं म्हणून मी असं बोलतोय. तसं नाहीये, इंजिन उत्तम आहे.

एप्रिल 2020 मध्ये गाड्यांच्या धुराच्या नियमांत आपण बीएस 4 वरून थेट बीएस 6 वर आलो. डिझेल कारच्या धुरातल्या कणांची मर्यादा किलोमीटरमागे 25 मिलिग्रॅमवरून 4.5 वर आली. मारुतीने तेव्हाच डिझेल बंद केलं. ज्यांनी डिझेल चालू ठेवलं त्यांनी डीपीएफ बसवला, म्हणजे एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारा फिल्टर. तो भरत आला की इंजिन जास्तीचं डिझेल सोडून फिल्टरमधलं तापमान 600 अंशांच्या आसपास नेतं आणि काजळी जाळून टाकतं. याला रिजनरेशन म्हणतात. त्यासाठी गाडी पंधरा-वीस मिनिटं सलग, बऱ्या वेगात पळायला हवी. माझा रोजचा रस्ता पुण्यातला, वारजे ते हिंजवडी. सकाळच्या गर्दीत हे कुठून जमणार?

माझ्या गाडीत डीपीएफचा दिवा लागला, गेला, पुन्हा लागला. एका सकाळी चांदणी चौकाच्या चढावर पिकअपच गेला. पाय पूर्ण दाबला तरी गाडी चाळीसच्या वर जाईना, मागून ट्रक हॉर्न मारतायत, शेजारी आई बसलेली. वर्कशॉपमध्ये ऐकवलं गेलं, "सर, तुमची चालवायची पद्धत चुकतेय." हे मला फार लागलं. गाडी विकताना माझा रोजचा रस्ता कुणी विचारला होता का?

इंजिन ऑइलचं मात्र आमच्या जुन्या मेकॅनिकने दाखवलं. डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, काढली, पुसली, परत घालून काढली. ऑइल मॅक्सच्या खुणेच्या बोटभर वर! न टाकता वाढलं कसं? त्याने एक थेंब माझ्या बोटांवर ठेवला. पाण्यासारखा पातळ, आणि वास सरळ डिझेलचा. रिजनरेशनमधलं जास्तीचं डिझेल सगळं जळत नाही, आणि गाडी मध्येच बंद केली की रिजनरेशन पुन्हा पुन्हा करावं लागतं. दर वेळी थोडं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. पातळ ऑइलवर टर्बो आणि बेअरिंग किती दिवस काढणार? ऑइल कमी झालं की आपण घाबरतो, वाढलेलं कुणी बघतच नाही. कृपा करून बघा. सपाट जागेवर, सकाळी, गाडी सुरू करायच्या आधी.

फिल्टर काढून टाकायचा सल्लाही मला मिळाला. काही हजारांत काम होतं म्हणे. अजिबात करू नका. डिझेलच्या धुराने कॅन्सर होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या संस्थेने 2012 मध्येच स्पष्ट सांगितलंय, आणि तो धूर सिग्नलला मागे थांबलेल्या स्कूटरवरच्या पोराच्या नाकात जातो.

आता दर रविवारी हायवेने खेड शिवापूरपर्यंत जाऊन येतो. रिजनरेशन चालू असेल तर घराजवळ आलो तरी गाडी बंद करत नाही, आणखी एक चक्कर मारतो. सर्व्हिसला ऑइलही गाडीच्या कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच, डीपीएफला चालणारं. गेल्या आठ महिन्यांत दिवा लागलेला नाही. ज्याचं आठवड्याला पुणे-कोल्हापूर होतं, त्याने खुशाल डिझेल घ्यावं.

मित्र शनिवारी शोरूमला जातोय. मी बरोबर जाणार आहे.