पॅच लावला म्हणजे कुणी चोवीस तास तुमचा ईसीजी बघत बसलंय असं नाही

"छातीला पॅच किंवा हातात स्मार्टवॉच असलं की डॉक्टर २४ तास लाइव्ह बघत असतात, अटॅक यायच्या आधीच फोन येतो, हॉस्पिटलला जायची गरजच नाही" हा फॉरवर्ड पाचव्या ग्रुपवर आला तेव्हा मात्र राहवलं नाही, कारण लांबून आलेले ईसीजी चाळणं हेच माझं रोजचं काम. (पॅच म्हणजे छातीला चिकटवायची, ईसीजी नोंदवणारी पट्टी.)

आधी ते 'लाइव्ह'. हृदयाचे दिवसाला साधारण १ लाख ठोके पडतात आणि सेकंदाला २५० वेळा मोजणारं मशीन धरलं तर एका लीडचेच (म्हणजे हृदयाकडे एकाच कोनातून बघणाऱ्या नोंदीचेच) दिवसाला २ कोटी १६ लाख आकडे होतात, कोण बघणार हे डोळ्यांनी? सॉफ्टवेअर चाळतं, शंका वाटतील ते तुकडे बाजूला काढतं, मग टेक्निशियन, मग डॉक्टर. काही पॅचमध्ये तर रेकॉर्डिंग आतच साठतं आणि पॅच काढून परत दिल्यावरच वाचलं जातं. पेसमेकरवाल्यांच्या उशाशी असलेलं मशीन बहुतेक वेळा रात्री झोपेत डेटा पाठवतं, तो उघडला जातो सकाळी.

'अटॅक आधीच कळतो' हे सगळ्यात डेंजर. घड्याळाचा ईसीजी ३० सेकंदांचा, एका लीडचा, आणि अ‍ॅपल स्वतःच त्यांच्या अ‍ॅपमध्ये सांगतं की याने अटॅक ओळखता येत नाही. अहो, अटॅकमध्ये १२ लीडचा ईसीजीसुद्धा सुरुवातीला नॉर्मल येऊ शकतो! छातीत दुखतंय आणि घड्याळावर 'सायनस रिदम' (म्हणजे ठोक्यांची लय नॉर्मल) आलं म्हणून घरी थांबायचं नाही, सरळ निघायचं.

'जितका जास्त डेटा तितकं सेफ' म्हणे. पॅच लावून जोरात दात घासले की स्क्रीनवर हुबेहूब जीवघेणी टॅकीकार्डिया (हृदयाची बेफाम धडधड) दिसते, असे खोटे अलर्ट दिवसभर आले की खरा एखादा त्यात बुडतो. २०२१ च्या 'लूप' नावाच्या स्टडीत त्वचेखाली रेकॉर्डर बसवलेल्यांपैकी ३१.८ टक्क्यांत एट्रियल फिब्रिलेशन (ठोके अनियमित पडणं, ज्याने स्ट्रोकचा धोका वाढतो) सापडलं, नेहमीच्या तपासणीत १२.२ टक्क्यांत, पण स्ट्रोक काही ठोस कमी झालेले दिसले नाहीत.

म्हणजे सगळं फालतू का, तर अजिबात नाही. २०१४ च्या 'इन-टाइम' नावाच्या ट्रायलमध्ये हार्ट फेल्युअरच्या (हृदय कमकुवत झालेल्या) ज्या पेशंटच्या शरीरात बसवलेल्या डिव्हाइसचा डेटा रोज येत होता, त्या गटात ३३३ पैकी १० मृत्यू, नुसते नेहमीचे उपचार असलेल्या गटात ३३१ पैकी २७. फक्त तिथे डेटा बघायला माणसं नेमलेली होती आणि गडबड दिसली की पुढे हालचाल व्हायची.

म्हणून सर्व्हिस घेताना पॅच किती भारी ते नंतर विचारा, रात्री २ ला अलर्ट आला तर कोण बघतं ते आधी विचारा. आणि फॉर्मवरचा मोबाइल नंबर तपासा, आमच्याकडे एकदा खरा अलर्ट आला, फोन लावला तर सिम बंद, फॉर्म भरलेला दोन वर्षांपूर्वीचा.