बॅटरी संपते ती मॉडेम गप्प असताना

पाऊस लागला की सांगलीतल्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर फिरू लागतो. कोयनेच्या पाणलोटात उपग्रहाने जोडलेली पर्जन्यमापकं बसवणं म्हणजे पैशाचा चुराडा, असं त्याचं म्हणणं. कारणं चार दिलेली असतात: उपग्रह ३६,००० किलोमीटरवर, म्हणून संदेश धाडणाऱ्या मॉडेमला अफाट वीज लागते, बंद-चालू केला तर तो जास्तच खातो, आषाढात ऊन नाही, म्हणून पॅनेल भलंमोठं हवं, आणि मुसळधार पावसात संदेश जातच नाही. अशा यंत्रांचे वीजपुरवठे दुरुस्त करणं हे माझं काम. पुरात कंबरभर पाणी पाहिलेल्या गावात ही कारणं कुणी खरी मानू नयेत, म्हणून लिहितोय.

अंतराचं आधी. हवामान खात्याची स्वयंचलित केंद्रं इन्सॅट या भारतीय उपग्रहांमार्फत, म्हणजे त्याच ३६,००० किलोमीटरवरून, माहिती धाडत आली आहेत; आणि तीही लहान पॅनेल व बॅटरीवर. ट्रान्समीटर काही क्षण बोलतो आणि झोपतो. मजकूर लिहिणाऱ्याने क्षणाची वीज दिवसभराची समजून धरली आहे.

आकडेच मांडू. इरिडियम या उपग्रह-सेवेचा ९६०३ हा छोटा मॉडेम घ्या. (त्याचे उपग्रह ७८० किलोमीटरवर आहेत, आणि भारतात वापरायला परवाना लागतो, इथे तो फक्त हिशेबासाठी.) ५ व्होल्टवर चालतो. पाठवताना क्षणभर १.३ अँपिअरपर्यंत ओढतो, पण संदेशाच्या काळातली सरासरी ०.८ वॉटच्या आसपास. नुसता जागा असताना साधारण ०.१७ वॉट. दर १५ मिनिटांनी एक म्हणजे दिवसाला ९६ संदेश, प्रत्येकी ३० सेकंद धरले तर ०.६४ वॉट-तास होतात. दिवसभर जागा ठेवलात, तर नुसत्या जागरणाचे ४ वॉट-तास! बोलण्यापेक्षा गप्प बसणं सहापट महाग. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाच्या बॅटरीतली निम्मी वीज वापरायची म्हटली, तर सतत जागा मॉडेम नऊ दिवसांत ती संपवतो. मधल्या वेळात पुरवठा तोडला तर मॉडेमपुरती ती दोन महिने पुरते.

त्यात कुणी १२ चे ५ व्होल्ट करायला बाजारातला ७८०५ हा साधा रेग्युलेटर लावला असेल, तर वीज आणखी जाते: दर १२ भागांतले ७ नुसते तापण्यात. तिथे फारशी वीज न तापवता व्होल्टेज उतरवणारा स्विचिंग कन्व्हर्टरच हवा.

बंद-चालूचा मुद्दा अर्धा खरा आहे: छोट्या मॉडेमची वीज त्याने वाचतेच, पण काळजी लागते. मॉडेम आपल्या मेमरीत काही लिहीत असताना पुरवठा झटकन तोडला तर तो बिघडू शकतो. म्हणून आधी आवरण्याची आज्ञा द्यायची, उत्तर येऊ द्यायचं, मग वीज तोडायची. मोठ्या व्हीसॅटला, म्हणजे डिश लावलेल्या उपग्रह-यंत्राला, उपग्रह पकडायला वेळ लागतो आणि त्यात वीज जाते; त्याला दर पाव तासाला उठवू नये, नोंदी साठवून एकदम धाडाव्यात.

मोठ्या पॅनेलबद्दल एवढंच, की दाट ढगाखाली तेही थोडकंच देतं. खर्च कमी करणं हाच उपाय.

पावसाचं म्हणणं केयू बँडला, म्हणजे डिश टीव्हीच्या उच्च वारंवारतेला, लागू आहे, तिथे सरी खरंच सिग्नल खातात. १.६ गिगाहर्ट्झचा एल बँड किंवा इन्सॅटची ही केंद्रं वापरतात तो ४०२ मेगाहर्ट्झ, यांवर पावसाचा परिणाम नगण्य. कोयनेच्या पाणलोटातल्या नवजासारख्या ठिकाणी खरा अडथळा झाडांचा आणि डोंगरकड्यांचा असतो. आकाश झाकलं की संदेश अडतो, मॉडेम पुन्हापुन्हा धडपडतो, आणि बॅटरी त्यातच बसते. म्हणून अँटेनाची जागा निवडणं हेही वीज वाचवण्याचंच काम. तीन प्रयत्न फसले की नोंद जपून ठेवायची आणि पुढच्या वेळी सोबत धाडायची, एवढं प्रोग्रॅममध्ये असलंच पाहिजे.

आणखी एक. संदेशाचं अंतर कायम एकच ठेवायची गरज नाही. सांगलीत आयर्विन पुलाशी इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांपर्यंत चढलं होतं. नदी शांत असताना तासाला एक नोंद पुरते. वर पाणलोटात पावसाने जोर धरला, पाणी चढू लागलं, की यंत्राने स्वतःहून १५ मिनिटांवर यावं. जूनमध्ये वाचवलेली वीज त्या रात्रींसाठीच लागते.