ध्रुवावरचा शेजारधर्म

तुमच्या देशाचं एखादं टोक उत्तर ध्रुवाकडे जात असेल, तर आधी अभिनंदन. आता शेजाऱ्यांशी सहकार्य करायला शिका.

पहिली गोष्ट, परिषद काढा. आठ देशांनी 1996 साली ओटावात आर्क्टिक परिषद काढली, तेव्हाच जाहीरनाम्याला तळटीप जोडली: लष्करी सुरक्षेचे विषय इथे नकोत. भाऊबंद जेवायला बसले की वाटणी सोडून लोणच्यावर बोलतात, तसंच. काजळीवर बोला, तेलगळतीवर बोला. हवामानबदलाचं मात्र जपून. 2019 मध्ये फिनलंडमधल्या रोव्हानिएमीला परिषदेची बैठक भरली, तेव्हा अमेरिकेला तो उल्लेख रुचला नाही आणि संयुक्त जाहीरनामाच निघाला नाही. बर्फ वितळतोय म्हणून तर इतकी गर्दी जमलीय, पण असं तोंडावर बोलू नये.

भांडणाची हौस असेल तर हान्स बेट बघा. कॅनडा आणि डेन्मार्कच्या राज्यातल्या ग्रीनलंडच्या मधला जेमतेम सव्वा चौरस किलोमीटरचा उघडा खडक. ना झाड, ना माणूस. 1973 मध्ये सागरी हद्द आखताना दोन्ही बाजूंनी रेघ बेटापर्यंत आणून सोडली. मग 1984 पासून कॅनडावाले जाऊन आपला झेंडा लावायचे, व्हिस्कीची बाटली ठेवायचे. डेन्मार्कवाले येऊन तो झेंडा उतरवायचे आणि स्वतःचा लावून श्नॅप्स ठेवायचे. आधीची बाटली कुठे गेली, हे कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही. अखेर 2022 मध्ये मधोमध बांध पडला. रेघ पूर्ण व्हायला 49 वर्षं! आपल्या तालुका कोर्टात याहून जुने दावे सापडतील, पण तिथे बाटली ठेवून कोण जातं?

जागा मोठी हवी असेल तर झेंडा खोल न्या. रशियाने 2007 मध्ये ध्रुवाखाली चार हजार मीटरहून खोल समुद्रतळावर टायटॅनियमचा झेंडा रोवला. त्याच तळावर डेन्मार्क आणि कॅनडानेही दावे दाखल केलेत. असे दावे ज्याच्या नियमांनी करतात, तो सागरी कायद्याचा करार अमेरिकेने अजून मंजूरच केलेला नाही, त्यामुळे त्याचे नियम इतरांना समजावून सांगायला ती मोकळी.

अध्यक्षपद पाळीपाळीने घ्या. मार्च 2022 मध्ये युक्रेनवरच्या हल्ल्यामुळे सात देशांनी बैठकांना जाणं थांबवलं, तेव्हा अध्यक्षपदाची पाळी नेमकी रशियाची होती. आठातले सात उठले, खुर्चीवर अध्यक्ष तेवढे उरले.

आणि हो, इनुइट, सामी वगैरे मंडळींच्या सहा संघटनांना विसरू नका. हजारो वर्षं तेच तिथे राहतात, म्हणून त्यांना टेबलाशी कायमची जागा द्या, बोलूही द्या. मताचा हक्क तेवढा आठ देशांनाच.