‘एचार’ची फेकाफेक

माद्रिदमध्ये राहायला येणाऱ्यानं ‘एचार’ हे एक स्पॅनिश क्रियापद आधी शिकावं, असं माझं मत आहे. शिकून फारसा उपयोग होत नाही, हेही माझंच मत.

मूळ अर्थ ‘फेकणे’. लॅटिन ‘इयाक्तारे’चा हा वंशज, फ्रेंच ‘झते’ आणि इटालियन ‘जेत्तारे’ ही त्याची भावंडं. पण १७१३ साली स्थापन झालेल्या रॉयल स्पॅनिश अकादमीचा शब्दकोश उघडा, एचारचे अर्थ संपता संपत नाहीत. इथे दाराला किल्ली फेकतात, म्हणजे कुलूप लावतात. गाडीत पेट्रोल फेकतात, भाजीत मीठ फेकतात, दुपारी डुलकी फेकतात. टीव्हीवर सिनेमा फेकतात. शेजाऱ्यानं ‘हात फेकू का?’ विचारलं तर घाबरायचं नाही, तो मदत करायला आलाय. नोकरीवरून काढतात तेव्हाही एचारच, आणि तिथे मात्र खरोखर फेकतात.

आपण नावं ठेवू नयेत म्हणा. आपण गप्पा मारतो, चक्कर मारतो, दांडी मारतो, शिक्का मारतो. एवढं मारून एक मुंगी मरत नाही.

स्पेलिंगचा वेगळाच छळ. ‘मी फेकतो’ आणि ‘केलेलं’, दोन्हींचा उच्चार ‘एचो’. फरक फक्त सुरुवातीच्या मुक्या ‘आचे’ म्हणजे ‘एच’ (h) या अक्षराचा. ते ‘केलेलं’मध्ये असतं, फेकण्यात नसतं. इथल्या शाळेत घोकून घेतात, ‘एचार सर्वांत आधी आपला आचेच फेकतं.’ तरी ऑफिसातली जन्मानं स्पॅनिश मंडळी तो बिनदिक्कत चिकटवतात, आणि परकी माणसं व्याकरण नीट शिकलेली असतात म्हणून मेल तपासायला माझ्याकडे पाठवतात.

कुणाची उणीव भासली की ‘एचार दे मेनोस’. यात कोण काय फेकतं? कुणीच काही नाही. मूळ पोर्तुगीज ‘अशार मेनोस’, म्हणजे ‘कमी सापडणे’. स्पॅनिश कानांना ते एचार वाटलं, झालं.

पण खरी दहशत लिफ्टमध्ये. तळमजल्यावर शेजारच्या आजी आत शिरल्या आणि केस सावरत म्हणाल्या, ‘‘क्वान्तोस आन्योस मे एचास?’’ माझ्यावर किती वर्षं फेकशील? म्हणजे, माझं वय किती वाटतं? समोरून सत्तरी स्वच्छ दिसत होती. मी हिशेबानं दहा वर्षं उतरवली.

‘‘साठ.’’

‘‘अठ्ठावन्न,’’ आजी म्हणाल्या, आणि चौथा मजला येईपर्यंत आरशाकडे बघत राहिल्या.

मी हल्ली जिना वापरतो.